गप्प बसणाऱ्यांना दोष देणं पुरे

दर काही दिवसांनी आपल्याकडे ‘संवाद हरवला’ या विषयाची एक फेरी होते. रविवारच्या पुरवण्या, ज्येष्ठ नागरिक संघातली व्याख्यानं, शाळांमधल्या पालकसभा, सगळीकडे तोच सूर. एक पक्ष म्हणतो, मोबाइलने घात केला, पूर्वी माणसं एकमेकांशी बोलायची. दुसरा पक्ष म्हणतो, लोकांना व्यक्तच होता येत नाही, त्यांना शिकवा: समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, ‘नाही’ म्हणायला शिका, मनात साठवू नका. त्याच्या कार्यशाळा होतात, शेवटी प्रमाणपत्रं वाटली जातात. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे, ते म्हणजे दोष माणसात आहे. मला ही मांडणीच चुकीची वाटते. कोण बोलतं, कोण गप्प राहतं, कोणाचं वाक्य अर्ध्यावर तोडलं जातं, हे स्वभावापेक्षा बोलायची पाळी कशी वाटून दिली आहे यावर जास्त ठरतं. ती वाटणी आहे तशीच ठेवायची आणि गप्प माणसाला धीट करायला निघायचं, यात कष्ट वाया जातातच. शिवाय गप्प राहण्याचा ठपकाही त्याच्याच माथी बसतो.

‘पूर्वी’वाल्यांचा निकाल लवकर लावता येतो. पूर्वी बोलायची म्हणजे कोण कोणाशी बोलायचं? ओसरीवर पुरुष आणि माजघरात बायका. सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, चारचौघांत नवऱ्याशी बोलायचं नाही. चावडीवर कोण बसे आणि कोण पायरीखाली उभं राहून ऐके, हे सांगायला नको. ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हण मोबाइल यायच्या कितीतरी आधीची. ताटावर बसून फोन बघण्याने बोलणं तुटतं हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण जे बोलणं कधी नव्हतंच ते फोनने कसं मोडलं?

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. ‘काही माणसं मुळातच अबोल असतात’ हा त्यांचा पाया. याला माझ्या माहितीतलं सगळ्यात चोख उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मिळतं. तिथले न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी फेब्रुवारी २००६ ते फेब्रुवारी २०१६ या दहा वर्षांत सुनावणीत एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या मौनावर लेख लिहिले गेले, स्वभावापासून लहानपणापर्यंत कारणं शोधली गेली. ते स्वतः म्हणत की इतर न्यायमूर्ती वकिलांना बोलूच देत नाहीत, त्या गदारोळात आपण भर कशाला घालायची? मग मे २०२० मध्ये कोविडमुळे सुनावण्या टेलिफोनवर घ्याव्या लागल्या. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून सरन्यायाधीश ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेकाचं नाव घेऊन पाळी देऊ लागले. आणि थॉमस बोलू लागले. एका प्रकरणात नाही, एकामागून एक प्रकरणांत. माणूस तोच, वय सत्तरीच्या पुढचं, त्या वयात कोणी व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावत नाही. बदललं होतं ते फक्त पाळी देण्याचं तंत्र. प्रत्यक्ष सुनावण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा, २०२१ साली, न्यायालयाने मोकळ्या प्रश्नोत्तरांनंतर क्रमाने पाळी देण्याची ही पद्धत ठेवून दिली. त्याआधी, २०१७ मध्ये, महिला न्यायमूर्तींचं बोलणं पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तोडलं जातं असं एका अभ्यासात दिसून आलं होतं. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या बाईला बोलता येत नाही म्हणून तिचं वाक्य तोडलं जातं, असं कोण म्हणेल?

आता आपल्याकडे या. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. कायद्याने ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस लावावी लागते. सभा पार्किंगमध्ये. समोर टेबल, त्यावर सतरंजी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि अहवालाचा गठ्ठा. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसं बसतात आणि आता कोरमची गरज उरलेली नसते. अध्यक्ष प्रास्ताविकातच सांगून टाकतात, ‘रंगाचं काम आपण अमुक ठेकेदाराला द्यायचं असं कमिटीचं मत आहे, कोणाला काही म्हणायचं असेल तर बोला.’ पहिल्या रांगेतले दोन निवृत्त गृहस्थ हिशेबातल्या एका रकमेवरून बराच वेळ हुज्जत घालतात. मागच्या रांगेत बायका, भिंतीला टेकून उभे तरुण भाडेकरू (त्यांना तसाही आवाज नाही), आणि ज्याच्या घरात गळतं तो शेवटच्या मजल्यावरचा माणूस. तो एकदा ‘साहेब, ते वॉटरप्रूफिंगचं...’ म्हणतो, त्यावर ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’ असं उत्तर मिळतं. आयत्या वेळचे विषय येईपर्यंत वडा आणि चहा आलेला असतो. इतिवृत्तात नोंद पडते: ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ दुसऱ्या दिवशी सचिव तक्रार करतात की लोकांना रसच नाही, सभेत कोणी बोलत नाही आणि मग जिन्यात कुजबुजतात.

पण ती कुजबुज म्हणजेच रस आहे. सभेत जागा मिळाली नाही म्हणून तो जिन्यात गेला. या सभेत ओळखण्यासारखं जे आहे ते सगळं डोळ्यांसमोर आहे: अधिकार असलेला माणूस आधी मत सांगतो, मग मतं मागतो, पहिला विषय सगळा वेळ खातो, ज्याला झळ बसते त्याचा विषय शेवटी ठेवला जातो, गप्प राहणं होकार म्हणून लिहिलं जातं. यातली एकही गोष्ट कोणाच्या संकोचामुळे घडलेली नाही. शेवटच्या मजल्यावरच्या त्या माणसाला संभाषणकौशल्य शिकवलं तर काय होईल? तो ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’ हे उत्तर जास्त आत्मविश्वासाने ऐकून घेईल.

विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं, याचा पुरावा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आहे. दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावातल्या महिलांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली ही चिन्हं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला टाळं. नुसतं झालेल्या मतदानाचं बहुमत पुरत नाही, म्हणजे अट साधी नाही. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखीच. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली. याच बायका ग्रामसभेत दुकानदाराच्या, सरपंचाच्या आणि स्वतःच्या नवऱ्याच्या देखत हात वर करतील का? त्यांना मत नव्हतं असं नाही, ते मांडायची किंमत त्यांना ठाऊक होती. पडद्याआड चिठ्ठीवर शिक्का मारताना ती किंमत मोजावी लागत नाही.

यावर ‘बोलायला शिकवा’ पक्ष म्हणेल, आणि त्याचं हे म्हणणं खरं आहे, की अशा मतदानासाठी आधी बायका संघटित व्हाव्या लागतात, मागणीवर सह्या कराव्या लागतात, तो धीर बचत गटांच्या बैठकांमधूनच येतो. धीर शिकता येतो, हे मला मान्य आहे. पण बचत गटात तो येतो कसा? तिथे बायका गोल बसतात, प्रत्येकीचं नाव घेऊन हप्ता नोंदवला जातो, आणि तो नोंदवताना प्रत्येकीला तोंड उघडावंच लागतं, दर महिन्याला, सगळ्यांसमोर. म्हणजे धीर आधी आणि व्यवस्था नंतर असं तिथेही घडलेलं नाही. व्यवस्थेत बसून बसून धीर आलेला आहे.

नुसतं बोलता येण्याने काय भागतं आणि काय भागत नाही, याचं सगळ्यात कडवट उदाहरण विमानाच्या कॉकपिटमधलं आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत दिसलं की मुख्य वैमानिक प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते आणि उतरताना विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर घ्या, असं तीन वेळा सांगितलं. विमानातली यंत्रणाही इशारे देत होती. तरी उतरणं सुरूच राहिलं. इथे गप्प कोण बसलं? कनिष्ठ माणूस बोलला, योग्य वेळी बोलला, स्पष्ट बोलला, तीनदा बोलला. कमी होती ती त्याचा शब्द बंधनकारक मानण्याची सवय. १९७७ साली टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसं मेली. तिथेही एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं विचारलं होतं आणि ज्येष्ठ कॅप्टनने ‘झालं की’ म्हणून ते उडवून लावलं होतं. त्यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला शिकवलं, हे खरं. पण त्याच वर्गात कॅप्टनलाही बसवलं, आणि बऱ्याच कंपन्यांनी नियमच केला की दोघांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की विमान आधी वर घ्यायचं, कारण नंतर विचारायचं. आपल्या कार्यशाळांत कॅप्टन कधी दिसतात का? शिकायला पाठवतात ते कारकुनांना, सुनांना आणि पोरांना.

अधिकाराची उतरंड मोडून टाका असं मी म्हणत नाहीये. आगीत, शस्त्रक्रियेत, वादळात एकाचाच शब्द चालला पाहिजे. अनुभवी माणसाचं मत नवख्याच्या मताइतकंच मोजावं हेही मला पटत नाही. पण अंतिम शब्द कोणाचा आणि पहिला शब्द कोणाचा, हे प्रश्न वेगळे आहेत. ज्यूंच्या जुन्या न्यायपरंपरेत देहदंडाच्या खटल्यात मतं सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशापासून घेत, म्हणजे ज्येष्ठाचं मत ऐकून धाकटा दबू नये. ज्येष्ठाचा मान त्यामुळे कमी होत नव्हता. उलट निकाल देण्याआधी त्याला सगळ्यांची खरी मतं कळत होती. आपल्याकडे मान देणं म्हणजे आधी बोलू देणं, असं समीकरण होऊन बसलंय.

सगळ्यात अवघड आक्षेप हा की नियम कागदावर राहतात. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो, कारण त्याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेआधीची तपासयादी आणली. त्यात भूल देण्याघेण्याच्या बाबींबरोबर एक कलम असं की शस्त्रक्रियागृहातल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. नाव सांगून एकदा तोंड उघडलेली परिचारिका पुढे चूक दिसली तर बोलते, असा त्यामागचा विचार. दिल्लीसह आठ शहरांत केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती यादी शंभरावर रुग्णालयांत लागू झाली आणि २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. यादीवर बरोबरच्या खुणा होत होत्या, माणसं बोलत नव्हती, असा त्यावर अनेकांचा तर्क. आपल्याला याचं नवल वाटायला नको. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, हे महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. किती गावांत ती सभा रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा करण्यात उरकते, हे गावाकडचा कोणीही सांगेल. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? रजिस्टर खोटं लिहिलं जातं म्हणून महिला सभेचं कलमच काढून टाकायचं का? जिथे ग्रामसेविका खमकी आहे, तिथे त्या एका कलमाच्या जोरावर बायका पाण्याचा विषय ग्रामसभेत नेऊन ठेवतात. कलम नसतं तर तिलाही काही आधार उरला नसता.

‘इतकी औपचारिकता कशाला, आपलीच माणसं आहेत’ हा याच आक्षेपाचा घरगुती अवतार. गंमत म्हणजे पैसा मोठा असला की हा आक्षेप कोणीच घेत नाही. इमारतीच्या पुनर्विकासासाठी विकासक निवडायचा असेल तर त्या विशेष सभेला निबंधक कार्यालयाचा माणूस हजर लागतो, सभेचं चित्रीकरण करावं लागतं. तिथे कोणी म्हणत नाही की आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत. फ्लॅट कोट्यवधींचा, म्हणून नियम हवेत. गळती फक्त शेवटच्या मजल्यावर, म्हणून आपुलकी पुरे.

मराठी वाचकाला पाळी न मिळण्याची किंमत इतिहासातून सांगायची तर लोक लगेच पानिपताकडे धावतात. मला सुरत जास्त समर्पक वाटतं. डिसेंबर १९०७ मधलं काँग्रेसचं अधिवेशन, जे खरं तर नागपूरला व्हायचं होतं. टिळकांनी सभा तहकुबीची सूचना मांडायची आहे अशी चिठ्ठी रीतसर आगाऊ पाठवली. तिला उत्तर मिळालं नाही. रासबिहारी घोष अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले तसे टिळक मंचावर गेले आणि बोलू दिल्याशिवाय हलणार नाही म्हणून हाताची घडी घालून उभे राहिले. पुढे मंडपातून एक दक्षिणी जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस दुभंगली ती १९१६ च्या लखनौपर्यंत. मतभेद खरे होते. आदल्या वर्षी कलकत्त्यात झालेले स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्याचे ठराव मवाळ पातळ करतील अशी जहालांना भीती होती. एका चिठ्ठीला उत्तर दिलं असतं तर फूट टळली असती, असा दावा मी करणार नाही. एवढंच बघा की त्या मंडपात देशातली उत्तमोत्तम वक्तृत्वं जमली होती. टिळकांना, मेहतांना, सुरेंद्रनाथांना कोणी व्यक्त व्हायला शिकवणार होतं का?

याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गोंड गावाची. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणारं. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. यावर शहरातली माणसं लगेच म्हणतात, मग एक हेकट माणूस सगळं गाव अडवून धरेल. अडवू शकतो, आणि वेळही फार जातो. शंभर-सव्वाशे घरांच्या गावात जे जमतं ते चारशे फ्लॅटच्या टॉवरमध्ये तसंच्या तसं जमणार नाही. पण मेंढ्यातली एक गोष्ट उचलता येण्यासारखी आहे. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट आहे. तो विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, खल करतो, पण निर्णय घ्यायचा अधिकार त्याला नाही. समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी. आपल्या सभांत माणूस पहिला प्रश्न विचारतो तोच त्याचा विरोध समजला जातो, कारण दोन्ही एकाच बैठकीत उरकायचं असतं. मग प्रश्न विचारणाऱ्याला कोपऱ्यात घेऊन ‘तुमचा काय प्रॉब्लेम आहे’ असं विचारलं जातं.

राहिलं घर. इथे नियमांची भाषा कानाला खटकते, हे मी समजू शकतो. पण नियम नसलेलं घर मला दाखवा. जेवताना पैशाचा विषय काढायचा नाही, बाबा चहा घेईपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही, आत्याचं नाव आजीसमोर घ्यायचं नाही. हे सगळे नियमच आहेत, फक्त ते कोणी ठरवले हे कोणाला आठवत नाही. त्यातला सगळ्यात पसरलेला नियम हा: बाप आणि वयात आलेला मुलगा आईमार्फत बोलणार. ‘तुझ्या लेकाला सांग, दहाच्या आत घरी यायचं.’ लेक दोन हातांवर बूट काढतोय. ‘आई, बाबांना सांग, प्रोजेक्ट आहे.’ आई दोन्हीकडचं ऐकते, त्यातले काटे काढते आणि पुढे देते. बापाचं ‘लाज वाटत नाही’ हे मुलाकडे ‘काळजी वाटते त्यांना’ होऊन पोचतं. या कसबाने कित्येक घरं टिकली आहेत, त्याची टिंगल करू नये. पण त्यामुळे दोन पुरुषांनी वर्षानुवर्षं एकमेकांचे मूळ शब्द ऐकलेलेच नसतात, आणि ती आजारी पडली की रुग्णालयाच्या बाकावर दोघांना बोलायला वाक्य सापडत नाही. नवरा-बायकोतही असाच एक फेरा असतो. ती विचारत राहते कारण तो गप्प आहे, तो गप्प राहतो कारण ती विचारत राहते. ऑस्ट्रियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ पॉल वॉत्झलाविक यांनी १९६७ मध्येच हे नोंदवलं होतं की दोघांनाही आपण फक्त उत्तर देतोय असं वाटत असतं, सुरुवात नेहमी समोरच्याने केलेली असते. तिला ‘कटकट करू नकोस’ आणि त्याला ‘मोकळा हो’ असा सल्ला देणारा समुपदेशक दोघांतल्या एकेकाला दुरुस्त करू बघतो, फेरा तसाच राहतो.

आणि मग शेवटचा प्रश्न येतो तो सत्तेचा. ज्याच्या हातात सभा आहे तो पाळीची वाटणी का बदलेल? कॅप्टन बदलले कारण विमान पडलं तर तेही मरतात. पुनर्विकासात शासनाने भाग पाडलं. न्यायमूर्तींना आकडे दाखवले गेले. सोसायटीच्या अध्यक्षांना यातलं काहीच लागू नाही, म्हणून तिथे सभासदांनीच विषय वेळेत लेखी देऊन तो विषयपत्रिकेत पहिला घ्यायला लावला पाहिजे, आणि ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी विरोधी मतं नावानिशी नोंदवायला सांगितली पाहिजेत. हे वाईटपणा घेण्याचं काम आहे, पण ते एकट्याने नाही, आधी जिन्यात जमणाऱ्या चारजणांनी मिळून करता येतं. घरात मात्र जिला सगळे बिचारी समजतात त्या आईच्याच हातात गोष्ट असते, कारण सगळी ये-जा तिच्यातून होते. ‘तो समोर आहे, त्यालाच सांगा’ एवढं तिने म्हटलं की निरोपांची ही ये-जा थांबते. त्यानंतर काही दिवस घरात आदळआपट होते, दोघेही तिच्यावरच चिडतात, नातेवाईक म्हणतात हिने घर फोडलं. तेव्हा तिला पुन्हा निरोप पोचवायला बसवू नये, एवढं तरी बाकीच्यांनी सांभाळावं.